जुन्या फोनमधल्या ओव्या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)



आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते आवाजाबद्दल. तुमच्या घरात, कपाटाच्या कोपऱ्यात नाहीतर पत्र्याच्या पेटीत, एखादा जुना बटणांचा फोन पडलेला असेल. बॅटरी फुगलेली, चार्जर हरवलेला. टाकून द्यायचा म्हणून ठेवलेला आणि टाकवत नाही म्हणून राहिलेला. तो टाकण्याआधी आजचं बोलणं ऐका, कारण आत नखाएवढं मेमरी कार्ड असतं आणि त्या कार्डावर कुणाचा तरी आवाज असू शकतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या बाबतीत तसंच झालं. त्यांची आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकीने बटणांच्या फोनवर त्या टिपून ठेवल्या होत्या, १२ मिनिटांच्या. पुढे आई गेली आणि फोन बंद पडला. गेल्या वर्षी रेडिओसाठी ओव्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं, तेव्हा ताई ते कार्ड रुमालात बांधून घेऊन आल्या. आम्ही ते नव्या फोनमध्ये घातलं. फाइल दिसली, पण वाजेना. "ही फाइल उघडता येत नाही" एवढंच फोन सांगत राहिला. ताईंचा चेहरा पडला. आई आत होती, आणि दार उघडत नव्हतं.

ते दार कसं उघडलं आणि उघडताना आम्ही कुठे चुकलो, दोन्ही सांगतो.

फाइल वाजत का नाही?

घरात धान्य ठेवायला कणगी असते, पोतं असतं, डबा असतो. तसंच आवाज ठेवायच्याही निरनिराळ्या रीती आहेत. त्यांना फॉरमॅट म्हणतात. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी तीन-चार अक्षरं असतात, ती बहुतेक वेळा त्या रीतीचं नाव सांगतात. आमच्या फाइलच्या शेवटी 'एएमआर' अशी अक्षरं होती.

एएमआर ही रीत मोबाइलवर बोलण्यासाठी बनवलेली. १९९९ मध्ये मोबाइल फोनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती स्वीकारली. तेव्हा फोनमध्ये जागा अगदी थोडी, त्यामुळे आवाज शक्य तितका दाबून बसवायचा हा तिचा हेतू. या रीतीने चांगल्यात चांगलं टिपलेलं एक मिनिट सुमारे ९५ केबीत बसतं. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट ठेवायला १० एमबीहून जास्त जागा लागते, म्हणजे शंभरपटीहून अधिक. एवढी जागा वाचवायची तर काहीतरी टाकावं लागणारच. एएमआरमध्ये साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज घेतलाच जात नाही. म्हणून अशा फाइलमध्ये 'स' आणि 'फ' एकसारखे ऐकू येतात, आणि जात्याची घरघर नळातून आल्यासारखी वाटते. ही रीत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली आहे. जात्याचा, ढोलकीचा आवाज तिला नीट धरता येत नाही.

जुन्या कार्डांवर, जुन्या कॉम्प्युटरवर अशी आणखी काही नावं सापडतील. 'थ्रीजीपी' हीही जुन्या फोनचीच. 'डब्ल्यूएमए' ही मायक्रोसॉफ्टची १९९९ ची रीत, ती जुन्या रेकॉर्डरमध्ये आणि कॉम्प्युटरवर असते. 'आरएम' किंवा 'आरए' म्हणजे रिअलऑडिओ. १९९५ मध्ये, इंटरनेट फार हळू चालायचं तेव्हा, ती आली. भाषणं टिपायच्या काही छोट्या रेकॉर्डरमध्ये 'डीएसएस' असते. या सगळ्या फाइलींत आवाज धड असतो. फक्त आजच्या प्रत्येक फोनला आणि रेडिओ केंद्राच्या कॉम्प्युटरला त्यांची भाषा येईलच असं नाही.

आज सगळीकडे चालणाऱ्या रीती मुख्यतः दोन. एक 'वेव्ह', फाइलच्या शेवटी डब्ल्यूएव्ही लिहिलेली. ही १९९१ पासून आहे. तिच्यात आवाज सहसा न दाबता ठेवतात, म्हणून फाइल मोठी होते. दुसरी आपल्या ओळखीची 'एमपीथ्री'. ती आवाज दाबून ठेवते आणि जवळपास कुठेही वाजते.

नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

आमच्यातल्या एका मुलीने पहिला उपाय केला तो असा. फाइलच्या नावातलं 'एएमआर' खोडलं आणि 'एमपीथ्री' लिहिलं. फोन तरीही ऐकेना. मग कळलं की हे म्हणजे मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी लावण्यासारखं. आतली वस्तू तीच राहते. आवाज जुन्या रीतीतून उलगडून नव्या रीतीत परत मांडावा लागतो. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला कन्व्हर्टर म्हणतात.

इंटरनेटवर असे कन्व्हर्टर फुकट मिळतात. पान उघडायचं, आपली फाइल निवडायची, कोणत्या फॉरमॅटमध्ये हवी ते सांगायचं. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर जाते, तिथे बदलते आणि आपण ती परत उतरवून घेतो. फाइल जाणं म्हणजे अपलोड, परत घेणं म्हणजे डाउनलोड. १२ मिनिटांच्या ओव्यांना सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

पण हे करण्याआधी तीन कामं करायची असतात. ती आम्ही नंतर शिकलो.

आधीची तीन कामं

पहिलं काम कार्ड सांभाळण्याचं. जुनं कार्ड नव्या फोनमध्ये घातलं की कधी कधी फोन विचारतो, "कार्ड फॉरमॅट करायचं का?" इथे 'नाही' म्हणायचं. हा फॉरमॅट शब्द वेगळ्या अर्थाचा. त्याचा अर्थ कार्ड पुसून कोरं करणं. फोन विचारतो तेव्हा वाटतं की हो म्हटल्याने कार्ड सुरू होईल. सुरू होतं, पण रिकामं. त्यापेक्षा कार्ड रीडर घेऊन कॉम्प्युटरला लावा आणि कार्डावरचं सगळंच्या सगळं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. मग कार्ड परत रुमालात बांधून ठेवा.

दुसरं काम मूळ फाइल जपण्याचं. कन्व्हर्टर जुनी फाइल बदलत नाही, तिच्यावरून दुसरी नवी करतो. नवी हाती आली की जुनी नकोशी वाटते. ती पुसू नका. ज्वारी दळली की पीठ होतं, पिठाची परत ज्वारी होत नाही. आवाज दाबताना जे गळून पडतं ते परत येत नाही. एएमआरवरून एमपीथ्री केली, त्या एमपीथ्रीवरून आणखी एक केली, तर प्रत्येक वेळी थोडं थोडं गळतं. उद्या यापेक्षा चांगला कन्व्हर्टर मिळाला तर सुरुवात मूळ फाइलपासूनच करायची. ती पुसली असेल तर सुरुवात कुठून करणार?

तिसरं काम म्हणजे आवाज कुणाचा आहे ते विचारण्याचं. इथे आम्ही चुकलो, आणि ती चूक लपवून हे बोलणं पुरं होणार नाही.

आमची चूक

जुना फोन फाइलींना नावं देत नव्हता, नुसते आकडे द्यायचा. ओव्यांची फाइल होती १४ नंबरची. घाईत आम्ही ४१ नंबरची निवडली आणि पाठवून दिली. बदललेली फाइल आली, वाजवली, तर ओव्या नव्हत्या. गटाच्या एका जुन्या बैठकीचं रेकॉर्डिंग होतं. त्यात एक बाई तिच्या घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल बोलत होती. नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, सगळं त्यात होतं.

आम्ही पान बंद केलं. पण फाइल तर जाऊन आली होती. त्या पानावर लिहिलं होतं की पाठवलेल्या फाइली एका दिवसात पुसल्या जातात. पुसल्या असतीलही. पण ते आम्हाला इथे बसून बघता येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर ती गेली तो कुठे आहे, कुणाचा आहे, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस आम्ही आपापसात बोललो. कुणी म्हणालं, कशाला सांगायचं, तिला कळणार कसं? शेवटी दोघी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं. ती चिडली नाही. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी तुमच्यासमोर बोलले होते. अजून कुणासमोर नाही."

त्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती फाइल ठेवायची की नाही हे आम्ही तिलाच विचारलं. तिने पुसायला सांगितलं, आणि आम्ही तिच्यासमोर पुसली, कार्डावरचीसुद्धा. मूळ फाइल पुसू नका असं आत्ताच म्हटलं, त्याला एवढा एकच अपवाद. आवाज जिचा, शब्द तिचा.

तेव्हापासून आमच्याकडे ठरलं आहे. कुठलीही फाइल बाहेर पाठवण्याआधी ती पूर्ण ऐकायची आणि तीन गोष्टी विचारायच्या. हा आवाज कुणाचा? तिला विचारलं आहे का? यात आणखी कुणाचं नाव, कर्जाची रक्कम, खाते नंबर, आजारपण, घरची गोष्ट आहे का? ओव्या, गाणी, पाककृती, कार्यक्रमातली भाषणं, ज्यांना परवानगी आहे ती ऑनलाइन बदलायला हरकत नाही. बैठकीतलं बोलणं, बाईने विश्वासाने सांगितलेलं दुःख, हिशेब, यातलं काही घराबाहेर पाठवायचं नाही. ते घरच्या कॉम्प्युटरवर बदलायचं.

घरच्या घरी कसं?

इंटरनेट न वापरताही फाइल बदलता येते. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं. बऱ्याच जणी त्यावर सिनेमे बघतात. त्याच्या मीडिया या यादीत 'कन्व्हर्ट / सेव्ह' असा पर्याय आहे. ऑडॅसिटी हेही फुकट मिळतं, त्यात आवाज कापता-जोडताही येतो. एएमआर किंवा डब्ल्यूएमए उघडायला त्याला एफएफएमपेग नावाची जोड द्यावी लागते. ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ पानावरूनच उतरवून घ्या. गावात कॉम्प्युटर येणारी मुलगी असेल तर तिला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र काम आपल्यासमोर करून घ्या आणि तिच्या कॉम्प्युटरवर प्रत राहू देऊ नका.

ऑनलाइनच करायचं असेल तर एक युक्ती आहे. काही पानं फाइल कुठेही न पाठवता आपल्याच कॉम्प्युटरवर बदलून देतात. ते तपासायचं असं: पान पूर्ण उघडू द्या, मग इंटरनेट बंद करा आणि ज्यात खाजगी काही नाही अशी एखादी फाइल बदलून बघा. नेट बंद असतानाही बदलली, तर फाइल घराबाहेर गेलेली नाही. नाही बदलली, तर ते पान फाइल बाहेर मागतं असं समजून चाला.

फसवणुकीपासून सावध

फुकटच्या पानांवर जाहिराती फार. 'डाउनलोड' लिहिलेली चार-चार बटणं असतात आणि त्यातलं खरं एकच. २०२५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने लोकांना सावध केलं होतं, की फाइल बदलून देणाऱ्या काही फुकट पानांमधून कॉम्प्युटर बिघडवणारे आणि माहिती चोरणारे प्रोग्राम घुसवले जातात. म्हणून एवढं पाळा:

• आवाज बदलायला मोबाइल नंबर, ओटीपी किंवा बँकेची माहिती लागत नाही. मागितली तर पान बंद करा.

• उतरलेल्या फाइलच्या शेवटी 'एमपीथ्री' किंवा 'डब्ल्यूएव्ही' असायला हवं. 'ईएक्सई' किंवा 'एपीके' असेल तर तो आवाज नाही, प्रोग्राम आहे. उघडू नका, पुसून टाका.

• "आधी आमचं ॲप टाका, मग फाइल मिळेल" म्हणणाऱ्या पानाच्या नादी लागू नका.

• गटाचे बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात, त्या फोनवर हे प्रयोग करू नका.

कोणता पर्याय निवडायचा?

पान किंवा सॉफ्टवेअर आपल्याला दोन-तीन प्रश्न विचारतं. जपून ठेवायची प्रत करायची असेल तर वेव्ह निवडा. दाबलेला आवाज वेव्हमध्ये उलगडला की नव्याने काही गळत नाही. आमची १२ मिनिटांची फाइल मुळात सव्वा एमबीच्या आतच होती. मूळ वेग, म्हणजे ८,००० हर्ट्झ आणि मोनो, तसाच ठेवून वेव्ह केली तेव्हा ती साडेअकरा एमबी झाली. कापणं, जोडणं, आवाज वाढवणं, सगळं या वेव्हवर करा.

फोनवर ऐकायला किंवा मैत्रिणींना पाठवायला मात्र एमपीथ्री बरी. तिथे 'बिटरेट' विचारतात. ३२० हा मोठा आकडा बघून तो निवडावासा वाटतो. पण लोटाभर दूध हंड्यात ओतलं म्हणून हंडाभर होत नाही. जुन्या फोनच्या आवाजाला ६४ आणि मोनो पुरतं. जास्त घेतलं तर फाइल फुगेल, आवाज तेवढाच राहील. रेडिओ केंद्राला द्यायची असेल तर त्यांना कोणती हवी ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ४४,१०० हर्ट्झची मागतात. ती त्यांच्या यंत्राची सोय आहे, तिने आवाज सुधारत नाही.

बदललेली फाइल हाती आली की सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐका. दोन्ही फाइलींची लांबी ताडून बघा. मूळ १२ मिनिटांची असेल तर नवीही तेवढीच हवी. काही फुकट पानं मोठी फाइल मधेच तोडतात, आणि सुरुवात ऐकून आपण खूश होतो.

फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. एका फोनवर वाजवून दुसऱ्या फोनने टिपू नका. तसं केलं की चुलीचा, कोंबड्यांचा, खोकल्याचा आवाज आईच्या आवाजावर बसतो.

नाव, गाव, तारीख

फाइल वाजली म्हणून काम संपत नाही. नुसत्या नंबरामुळे आमची फसगत कशी झाली ते सांगितलंच. प्रत्येक फाइलला नाव द्या: कुणी म्हटलं, कुठे, कोणत्या साली, काय. एका वहीत तेच लिहा आणि परवानगी कुणी, कशासाठी दिली तेही लिहा. घरच्यांना ऐकवायची परवानगी वेगळी आणि रेडिओवर वाजवायची वेगळी. प्रती तीन ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तरी आवाज राहील.

बायकांच्या ओव्या जपण्याचं मोठं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या सोबतीने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे त्यातल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण झालं आणि आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर ऐकायला मिळतात. सोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. म्हणूनच ती ओवी आज तिची म्हणून ओळखली जाते. आपल्या गटाचं काम लहान असलं तरी रीत तीच ठेवता येते.

शेवटी ताईंच्या आईच्या ओव्यांचं काय झालं ते सांगतो. फाइल उघडली. रेडिओवर लावण्याआधी आम्ही सगळ्या बसून त्या लिहून काढत होतो. एका ओवीत एक शब्द लागेना. आम्हाला 'फुलं' वाटायचं, एकीला 'सुलं' ऐकू यायचं. चार वेळा, पाच वेळा वाजवलं. ताई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सुली. माझ्या थोरल्या बहिणीला आई सुली म्हणायची. ती लहानपणीच गेली."

यंत्राने गाळलेलं तिथे माणसाने भरून दिलं. आज ताई आहेत म्हणून तो शब्द लागला. अजून दहा वर्षं कार्ड रुमालात राहिलं असतं तर आवाज कदाचित निघाला असता, पण सुली कोण हे सांगायला कुणी नसतं. ओव्या रेडिओवर लावायच्या का, हे आम्ही ताईंना पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी सगळ्या लावायला सांगितलं, फक्त ती एक सोडून. ती त्यांच्या पेनड्राइव्हवर आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. जुने फोन बाहेर काढा, कार्डं एका डबीत गोळा करा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीला ती डबी घेऊन या. फाइल कुठली, आवाज कुणाचा, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या बायांनाही सोबत आणा. कॉम्प्युटरचं काम नंतर होईल, त्यांना विचारायचं काम आधी.